एका दवाखान्यात दोन पॅथी, पण केसपेपर एकच

धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी अशी दोन्ही महाविद्यालये आहेत, आणि बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तर सगळ्यांचा शेवटचा आधार. अशा गोव्यात एमबीबीएस डॉक्टर, वैद्य आणि योगशिक्षक एकाच जागेत बसलेले दवाखाने वाढत जाणार, आणि वाढावेतही. रुग्ण दोन्हीकडची औषधे पूर्वीपासून घेतच आला आहे. फक्त एकाचे दुसऱ्याला सांगत नाही. डॉक्टर रागावतील या धाकाने काढा लपवतो, आणि वैद्यांना वाईट वाटेल म्हणून इन्सुलिनचा विषय काढत नाही.

दोन खुर्च्या शेजारी मांडल्या म्हणजे उपचार एकत्र आले असे होत नाही. दोन्ही पॅथींची औषधे एका कागदावर, एकाखाली एक, वेळेसकट लिहिली जातात का, यावर सगळे अवलंबून आहे. डॉक्टरांची फाइल वेगळी आणि वैद्यांची वही वेगळी असेल, तर रुग्णाच्या दृष्टीने ते दोन दवाखानेच, फक्त भाडे एक.

सुरुवात पिशवीपासून करायची. पहिल्या भेटीची वेळ देतानाच सांगायचे: घरात जे काही औषध म्हणून तोंडात जाते ते सगळे पिशवीत घालून आणा. गोळ्या, चूर्णे, आसवे, तेल, जिममधले पावडरचे डबे, केसांसाठीच्या गोळ्या, बाजारातून बांधून आणलेली पुडी, सगळे. पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायचे: कधी घेता, किती घेता, कशाबरोबर घेता, शेवटची कधी घेतली. "औषधे कोणती चालू आहेत?" एवढेच विचारले तर घरचा काढा, बिंबलांचा (आंबट बिलिंबी फळांचा) रस, मेथीचे पाणी यातले काहीच कानावर येणार नाही. "तें वखद न्हय, घरचो काढो" (ते औषध नव्हे, घरचा काढा) हे उत्तर गोव्यात ठरलेले. म्हणून प्रश्न असा हवा: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय जाते?

लेबल नसलेली पुडी निघाली तर ती कागदावर "घटक अज्ञात" म्हणूनच लिहायची. गुडघेदुखी दोन दिवसांत पळवणारी बेनामी पुडी असेल तर स्टिरॉइडचा संशय आधी घ्यायचा. चेहरा गोल झालाय का, साखर अचानक चढलीय का, कातडी पातळ होऊन सहज निळी पडते का, ते पाहायचे. अशी पुडी कित्येक आठवडे चालू असेल तर ती लगेच बंद करू नये. शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तोवर झोपलेले असते. एकदम थांबवले की रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग त्यांच्याच देखरेखीखाली उतरता डोस.

आता घड्याळ. दोन पॅथींची बहुतेक भांडणे रसायनशास्त्रापेक्षा वेळापत्रकातली असतात, आणि ती मिटवणे अगदी सोपे असते. थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन घ्या. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. याच वेळी वैद्यांनी सांगितलेले शंख भस्म, प्रवाळ किंवा कपर्दिका भस्म पोटात गेले तर त्यातले कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवते आणि गोळी रक्तात पुरती पोहोचतच नाही. लोह भस्म आणि मंडूराचेही तेच. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवले की प्रश्न मिटला. पण हे कोणी न सांगितल्याने थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच हा आकडा चढतो, डॉक्टर डोस वाढवतात, पुढे कधीतरी भस्म बंद होते आणि वाढलेल्या डोसाने छातीत धडधड सुरू होते. मग दोष गोळीला.

अनुपान म्हणजे औषध ज्यासोबत घ्यायचे ते. दूध या अनुपानाचीही हीच गोष्ट. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके दुधाबरोबर घेतली की त्यांचे शोषण घटते. वैद्यांनी "औषध दुधातून घ्या" म्हटले की घरातले सगळ्याच गोळ्या दुधातून देतात. त्यामुळे कागदावर प्रत्येक औषधापुढे अनुपान वेगवेगळे लिहायचे. इसबगोल घेणाऱ्याने इतर कोणत्याही गोळीपासून दोन तासांचे अंतर राखायचे आणि त्यासोबत पेलाभर पाणी प्यायचे. कमी पाण्यात ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकते.

एक नमुना देतो. साधारण साठीची बाई, थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, बद्धकोष्ठ. सकाळी सहाला लिव्होथायरॉक्सिन, साधे पाणी. साडेसातला नाश्ता, त्यावर मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी. अकराच्या पेजेच्या वेळी प्रवाळयुक्त औषध, म्हणजे थायरॉइडच्या गोळीपासून पाच तास सुटतात. दुपारी जेवणानंतर गुग्गुळाची गोळी कोमट पाण्याबरोबर. रात्री साडेसातला जेवण आणि मेटफॉर्मिन, साडेनऊनंतर इसबगोल. हे सगळे एका पानावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून भिंतीवर लावायला द्यायचे. पेजेबरोबर खारातली तोरां (कच्चे आंबे) आणि खारे सुके मासे ताटात येत असतील तर तेही त्याच पानावर लिहायचे. रक्तदाबाची गोळी एकीकडे आणि मीठ दुसरीकडे असे ओढाताणीचे काम नको.

घड्याळाने न सुटणारे प्रश्न मात्र खरे धोक्याचे. तेथे दोन औषधे एकमेकांचे काम बदलतात, कितीही अंतर ठेवा. वैद्य आणि डॉक्टर या दोघांनाही तोंडपाठ असावीत अशी काही उदाहरणे आहेत.

अपस्माराच्या रुग्णाला फेनिटॉइन चालू असताना शंखपुष्पीचे सिरप दिले तर रक्तातली फेनिटॉइनची पातळी घसरू शकते. आटोक्यात असलेले झटके परत आल्याच्या अशा नोंदी भारतातच १९९२ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. स्मरणशक्तीसाठी म्हणून मुलांना हे सिरप सहज दिले जाते, म्हणून हे विशेष जपायचे. सुंठ, मिरे, पिंपळी यांचे त्रिकटू याच्या उलट वागते. त्यातल्या मिऱ्या-पिंपळीतले पायपेरिन फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल (रक्तदाब-हृदयाची गोळी), थिओफिलिन (दम्याची) यांची रक्तातली पातळी वाढवते. "योगवाही" (दुसऱ्या औषधाचे काम वाढवणारे) म्हणून जो गुण आपण वाखाणतो तोच येथे अंगावर येतो. गुग्गुळाने प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम यांचे शोषण घटल्याचे दिसले आहे, तेव्हा ही औषधे घेणाऱ्याला गुग्गुळ सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे घरी रक्तदाब आणि नाडी मोजून लिहायला लावायचे.

ज्येष्ठमध फार निरुपद्रवी समजले जाते. घसा, आम्लपित्त, खोकला, सगळ्यांत असते. पण त्यातले ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी साठवते, पोटॅशियम बाहेर घालवते आणि रक्तदाब चढवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा क्लोरथॅलिडोन, चालू असतील तर पोटॅशियम दुहेरी घटते. पायात गोळे, थकवा ही पहिली खूण. त्यात हृदयासाठीची डिगॉक्सिन असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. सनाय रोज घेणाऱ्यांचेही पोटॅशियम असेच घसरते.

अश्वगंधा हल्ली किराणा दुकानातही मिळते. ती थायरॉइडचे संप्रेरक वाढवू शकते, झोपेच्या गोळ्यांची गुंगी वाढवते आणि क्वचित यकृताला सूज आणते. गुळवेलीनेही क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि स्वप्रतिकारक आजार असलेल्यांत ती अधिक जपून द्यायची. यकृताच्या दुखण्याची चाहूल लागली, म्हणजे लघवी गडद, भूक मेलेली, अंगाला खाज, तर चालू असलेल्या सगळ्या वनौषधी त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी (एलएफटी) करायची. कोणती दोषी याचा तपास नंतर. सर्पगंधा असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर चढवू नयेत. नाडी मंदावते, रक्तदाब फार उतरतो. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्याला सर्पगंधा देऊच नये.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्याच्या केसपेपरवर तर लाल पट्टी असावी. हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल, कोणतेही नवे चूर्ण, यांपैकी काहीही सुरू किंवा बंद झाले की आठवड्याच्या आत आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). फोडणीतल्या हळद-लसणाबद्दल हे नाही, कॅप्सूलमधल्या एकवटलेल्या अर्काबद्दल आहे.

आसव-अरिष्टांबद्दल थोडे सविस्तर, कारण ही चूक फार साधी आणि फार वारंवार होणारी आहे. अरिष्टात आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क तयार होतो, बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते, साधारण पाच ते बारा टक्क्यांच्या आत. शिवाय गूळ-साखर असते. जुलाब-आव झाली की डॉक्टर मेट्रोनिडाझोल लिहितात आणि घरात कुटजारिष्टाची बाटली असतेच. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस मद्यार्क टाळा अशी सूचना असते, कारण काहींना चेहरा लाल होणे, मळमळ, धडधड असा त्रास होतो. येथे कुटजघन वटी द्यायची, काम तेच आणि मद्यार्क नाही. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याच्या बाबतीत तर तडजोडच नाही. वीस मिलिलिटर अशोकारिष्ट किंवा दशमूलारिष्टही त्याला रुग्णालयात पोहोचवू शकते, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम टिकतो. फेणीपासून दूर राहिलेल्या माणसाला आपणच बाटलीतून मद्यार्क देणे हा अक्षम्य हलगर्जीपणा. होमिओपॅथीच्या थेंबांतही मद्यार्क असतो. तेथे आणखी एक भेद ओळखायचा: उच्च पोटन्सीत मूळ पदार्थ उरलेला नसतो, पण क्यू लिहिलेला मदर टिंक्चर हा वनस्पतीचा खराच अर्क. राउवोल्फिया क्यू म्हणजे सर्पगंधाच. केसपेपरवर "होमिओ थेंब" एवढेच लिहून भागत नाही.

पंचकर्म हा आपल्याकडचा सर्वांत मोठा उपचार आणि सर्वांत मोठी जबाबदारी. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आठवड्याचे पॅकेज म्हणून ते विकले जाते तेव्हा गिऱ्हाइकाच्या गोळ्यांची यादी कोणी मागतही नाही, याची मनापासून खंत वाटते. विरेचनाचे, म्हणजे औषधाने जुलाब करवून पोट साफ करण्याचे, उदाहरण घ्या. आधी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेत तूप, जेवण हलके, मग विरेचन, मग पेया-विलेपी (पातळ, मग घट्ट पेज). मधुमेहाच्या रुग्णाचे जेवण कमी झाले आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड नेहमीच्याच डोसात चालू राहिली की साखर सत्तरच्या खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, आणि "तूप पचले नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून स्नेहपानाच्या (तूप पिण्याच्या) पहिल्या दिवसापासून दिवसातून चार वेळा ग्लुकोमीटर, आणि डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवायचे.

विरेचनाच्या दिवशी जुलाबाचे पंधरा-वीस वेग होतात, पाणी आणि क्षार जातात. अशा वेळी रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही पोटात असतील तर मूत्रपिंडावर घाव बसतो. मेटफॉर्मिनही तेव्हा थांबवावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या नव्या गोळ्या तर शस्त्रक्रियेआधी थांबवतात तशा किमान तीन दिवस आधी थांबवायच्या. त्यांच्यामुळे उपाशी शरीरात साखर फारशी न वाढताही किटोन वाढून आम्लता होते, आणि ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसल्यामुळे कोणाला संशय येत नाही. उलट्या, खोल श्वास, पोटदुखी दिसली की किटोन तपासायचेच. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नाही. खरे तर अशा रुग्णाला विरेचन देऊ नये हेच बरे. कर्माआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि बसून व उभे राहून रक्तदाब. कोणती गोळी कधी थांबली आणि कधी परत सुरू होणार, दोन्ही तारखा कागदावर. परत सुरू करण्याची तारीख लिहायची राहून जाते आणि महिन्याने रक्तदाब दोनशेवर सापडतो.

अभ्यंगाला (तेलाच्या मालिशला) बसवण्याआधी दोन्ही पोटऱ्या पाहायच्या. एकच पाय सुजलेला, गरम, दाबल्यावर दुखणारा असेल तर हात लावायचा नाही. शिरेत गुठळी असू शकते, मालिशने ती सुटून फुप्फुसात जाते. आधी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. स्वेदनाआधी (शेक देण्याआधी) मधुमेही रुग्णाच्या तळपायाची संवेदना दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठरावीक दाबाच्या बारीक तंतूने) तपासायची. पाय बधिर असेल तर पोटली किती गरम आहे हे त्याला कळत नाही आणि फोड आल्यावरच उमगते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जळवा लावायच्या नाहीत. जळवेच्या लाळेतल्या हिरुडिनने रक्त आधीच गोठत नाही.

काही गोष्टी आपल्या परसातल्या. कोलेस्टेरॉल उतरते म्हणून बिंबलांचा रस ग्लास-ग्लास पितात. बिंबलांत ऑक्झलेट भरपूर असते, रिकाम्या पोटी भरपूर रस घेतल्यावर मूत्रपिंडे अचानक बंद पडल्याच्या घटना केरळात नोंदल्या गेल्या आहेत. हुमणात (माशांच्या कालवणात) दोन-चार बिंबले घालणे आणि अर्धा लिटर रस पिणे यात फार अंतर आहे. करमलांचेही (स्टारफ्रूटचेही) तसेच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने ती अजिबात खाऊ नयेत. न थांबणारी उचकी ही त्यातली पहिली खूण, पुढे भ्रम आणि झटके.

पावसाळ्यात ताप आणि डोळे पिवळे, असा रुग्ण आला तर गावठी काविळीच्या औषधाकडे पाठवायची वेळ ती नव्हे. शेतात चिखलात काम करणारा असेल, पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लालही असतील तर लेप्टोस्पायरोसिस धरून चालायचे आणि प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवे. भुंयआवळी नंतर, यकृत सावरताना, वैद्यांच्या सल्ल्याने जरूर द्यावी. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस देणारे असतात. त्यांना सांगायचे की ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी यांपैकी काहीही दिसले तर १०८ बोलवून गोमेकॉ. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, धाप यांसाठीही हाच नियम, आणि तो स्वागतकक्षात बसणाऱ्या मुलीलाही माहीत हवा. ती विचारायला आत जाईपर्यंत वेळ जातो.

रसौषधींबाबत, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांबाबत, मत स्पष्ट आहे. पारा, शिसे, सोमल (आर्सेनिक) असलेली कल्पे गर्भवती, लहान मूल आणि मूत्रपिंडाचा आजार असलेला यांना देऊ नयेत. इतरांना द्यायचीच असतील तर उत्पादकाचे नाव, बॅच, मात्रा आणि थांबवण्याची तारीख लिहून. कोणाला कारण नसलेली पोटशूळ, बद्धकोष्ठ आणि रक्तक्षय एकत्र दिसला तर रक्तातले शिसे तपासायला पाठवायचे. साध्या वनौषधींसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) ही कमाल मर्यादा आहे. पुरवठादाराकडून त्या बॅचचा तपासणी अहवाल मागण्यात संकोच नको.

कोणी काय लिहायचे? ज्याचे शिक्षण आणि नोंदणी ज्या पॅथीची, त्याने त्याच पॅथीचे लिहून खाली स्वतःची सही करायची. होमिओपॅथाने ॲलोपॅथीची औषधे देणे हा निष्काळजीपणा ठरतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पूनम वर्मा खटल्यात सांगितले आहे. एकाच केसपेपरवर दोन रकाने, दोन सह्या. उजवीकडे तिसरा छोटा रकाना: "दुसऱ्याने पाहिले", त्यात आद्याक्षरे. हा तिसरा रकाना भरल्याशिवाय औषधाच्या खिडकीवरून काहीही द्यायचे नाही, असा नियम असला की बाकीची शिस्त आपोआप येते. डॉक्टर त्या दिवशी नसतील तर नवे औषध दुसऱ्या दिवशी. तातडीचे काही असेल तर ते तसेही रुग्णालयाचे काम आहे.

एका वेळी एकच बदल करायचा. वनौषधी सुरू केली तर दोन आठवडे गोळ्यांचा डोस हलवायचा नाही, आणि गोळी बदलली तर नवे चूर्ण नाही. दोन्ही एकदम केले की गुण कशाचा आणि दोष कशाचा हे कधीच कळत नाही. गोळ्या कमी व्हाव्यात ही रुग्णाची इच्छा रास्तच. पण कमी करायच्या त्या आकडे पाहून: साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी, थायरॉइडसाठी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, रक्तदाबासाठी दोन आठवड्यांच्या घरच्या नोंदी. स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल, अपस्माराच्या गोळ्या, स्टिरॉइड, बीटा ब्लॉकर, इन्सुलिन यांना रुग्णाने किंवा वैद्यांनी परस्पर हात लावायचा नाही. शस्त्रक्रिया ठरली तर वनौषधी साधारण दोन आठवडे आधी थांबवायच्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी द्यायची. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायच्या, नाहीतर अहवालच खोटा येतो. काचबिंदूच्या रुग्णाला शीर्षासन नाही, कारण डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. हे योगशिक्षकाला कळावे म्हणून त्यालाही तोच केसपेपर वाचायला द्यायचा.

काही विपरीत घडलेच तर उरलेले औषध, बाटली, खोके काहीही फेकायचे नाही. झाकण घट्ट लावून, वर रुग्णाचा क्रमांक आणि तारीख लिहून कपाटात ठेवायचे, कारण बॅच क्रमांकाशिवाय तपास पुढे सरकत नाही. त्रासाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. आयुष औषधांसाठी वेगळी औषधदक्षता यंत्रणा आणि वेगळा फॉर्म आहे. त्यात ॲलोपॅथीच्या गोळ्यांची यादीही भरायची, आणि ॲलोपॅथीच्या फॉर्मवर चूर्णे-काढ्यांची.